नवा पीसी, गायब होणारी हार्ड डिस्क आणि बाबांच्या निगेटिव्ह

अंधारखोली (शनिवार, रात्री ९:१०)
नमस्कार मंडळी. दोन आठवड्यांपूर्वी मी आणि भावाने मिळून घरीच पीसी जोडला. रायझन ५ ५६००, बी५५० चिपसेटचा बोर्ड, १६ जीबी रॅम, विंडोजसाठी १ टीबीची एनव्हीएमई (थेट बोर्डावर बसणारी वेगवान) एसएसडी आणि साठवणीसाठी ४ टीबीची नवी हार्ड डिस्क. पहिले दहा दिवस मशीन अगदी छान चाललं. परवा गुरुवारपासून बटण दाबलं की थेट बायोसचा (विंडोजच्या आधी येणाऱ्या सेटिंगचा) पडदा येतो, विंडोज सुरूच होत नाही. बायोसमध्ये एनव्हीएमई दिसते, पण बूटच्या, म्हणजे कशावरून सुरू व्हायचं त्या, यादीत काहीच नाही. ४ टीबीची डिस्क तर कुठेच दिसत नाही.

दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, "एसएसडी गेली असेल, नाहीतर बोर्ड. घेऊन या." आम्ही मिरजेला, दुकान पुण्यात. सगळं उचलून न्यायच्या आधी इथे विचारते आहे.

घाई आहे, त्याचं कारण सांगते. बाबांचा फोटो स्टुडिओ होता. त्यांच्या निगेटिव्ह मी तीन वर्षं बसून स्कॅन केल्या, त्या सगळ्या एका जुन्या २ टीबी डिस्कवर आहेत. ती डिस्क हल्ली मधूनच हळू होते. हा पीसी मुख्यतः तिच्यातलं सगळं नव्या डिस्कवर आणण्यासाठीच घेतला.

मनमौजी (शनिवार, रात्री ९:२५)
एसएसडीच गेली असणार. विंडोजचा पेन ड्राइव्ह लावा, फॉरमॅट मारा, पुन्हा विंडोज टाका. नाही झालं तर वॉरंटीत बदलून घ्या.

खटपट्या (शनिवार, रात्री ९:४०)
ताई, कृपा करून आत्ता काहीही फॉरमॅट करू नका. एसएसडीचं नाव आणि क्षमता बायोसमध्ये बरोबर दिसत असेल तर तिचा कंट्रोलर जिवंत आहे. मेलेली एसएसडी बहुतेक वेळा दिसतच नाही, किंवा भलतंच नाव आणि शून्य क्षमता दाखवते.

मला तीन गोष्टी हव्यात.
गुरुवारी नेमकं काय बदललं? काहीच नाही असं लगेच लिहू नका, दिवसभर काय काय केलं ते आठवून सांगा.
हार्ड डिस्कची केबल बोर्डावरच्या कोणत्या नंबरच्या पोर्टात आहे? पोर्टाशेजारी बारीक अक्षरात साटा १, साटा २ असं छापलेलं असतं.
पीसी सुरू केल्यावर हार्ड डिस्कवर हात ठेवा. फिरल्याची बारीक थरथर जाणवते का?

अंधारखोली (शनिवार, रात्री १०:३०)
थरथर जाणवते. टकटक वगैरे आवाज नाही.
केबल साटा ५ मध्ये आहे. ५ आणि ६ खालच्या कोपऱ्यात आहेत, डिस्कच्या पिंजऱ्यापासून केबल तिथेच सरळ पोचत होती म्हणून तिथे लावली.
गुरुवारी पीसीत खरंच काही बदललं नाही. फक्त भावाच्या लॅपटॉपमधून निघालेली ५०० जीबीची एनव्हीएमई पडून होती, ती संध्याकाळी दुसऱ्या स्लॉटमध्ये बसवली. फोटोशॉपच्या तात्पुरत्या फायलींसाठी. पण तीही बायोसमध्ये नीट दिसते, म्हणून पहिल्या पोस्टमध्ये लिहिली नाही.

खटपट्या (शनिवार, रात्री १०:४२)
सापडलं असं वाटतंय. बोर्डाच्या मॅन्युअलमध्ये स्टोरेजचं पान काढा. दुसऱ्या एम.२ (एनव्हीएमई बसते त्या) स्लॉटच्या शेजारी तळटीप असेल, ती शब्दशः वाचा आणि इथे सांगा.

लॅमिंग्टनकाका (रविवार, सकाळी ७:१५)
खटपट्याने बरोबर नाडी धरली आहे. मी वीस वर्षं हार्डवेअरच्या काउंटरला बसलो. "मेली" म्हणून परत आलेल्या किती डिस्क दुसऱ्या मशीनला लावल्या की मुकाट चालायच्या! मेलेल्या असायच्या तशाही, पण गिऱ्हाईक आणि दुकानदार दोघं समजतात त्याहून कमी.

मुली, असं असतं बघ. तुझ्या बोर्डावर पहिला एम.२ स्लॉट थेट प्रोसेसरला जोडलेला आहे. दुसरा स्लॉट आणि साटाचे पोर्ट चिपसेटमधून, म्हणजे बोर्डावरच्या मदतनीस चिपमधून, येतात. चिपसेटकडे लेन, म्हणजे माहितीच्या वाटा, मोजक्याच. म्हणून बोर्ड बनवणारे त्याच लेन दोन ठिकाणी नेतात, दुसरा एम.२ भरला की साटा ५ आणि ६ बंद. बी५५० च्या पुष्कळ बोर्डांवर अशी व्यवस्था आहे. काहींवर एम.२ मध्ये साटा जातीची एसएसडी बसवली तरच पोर्ट बंद होतो, काहींवर कुठलीही बसवली तरी होतो. म्हणून शेजाऱ्याच्या बोर्डावरून अंदाज करायचा नाही, आपलं मॅन्युअल वाचायचं. डिस्कला वीज वेगळ्या केबलने मिळते, म्हणून ती फिरत राहते आणि माणूस फसतो. फिरते आहे पण दिसत नाही, मग मेली असणार, असं वाटतं.

अंधारखोली (रविवार, सकाळी ९:०५)
काका, खटपट्या, तळटीप अगदी तीच निघाली. दुसऱ्या एम.२ स्लॉटमध्ये ड्राइव्ह असेल तर साटा ५ आणि ६ बंद राहतील.
केबल साटा २ मध्ये घातली. पीसी सुरू झाला, विंडोज आलं, ४ टीबीची डिस्क दिसली! रात्रभर झोप नव्हती.

पण एक कोडं राहिलंच. विंडोज तर एनव्हीएमईवर आहे. साटाचा पोर्ट बंद झाला म्हणून हार्ड डिस्क गायब झाली, हे समजलं. विंडोज का अडलं?

दर्यासारंग (रविवार, सकाळी ९:५०)
हा प्रश्न तुम्ही विचारलात ते फार बरं केलंत, नाहीतर सहा महिन्यांनी तीच डिस्क काढल्यावर पुन्हा इथेच अडकला असता.

विंडोज टाकताना ४ टीबीची डिस्क जोडलेली होती ना? विंडोजचा इन्स्टॉलर कधीकधी स्वतः एका ड्राइव्हवर जातो आणि सुरुवात करून देणारं छोटं ईएफआय पार्टिशन दुसऱ्याच ड्राइव्हवर, बहुधा डिस्क ० वर, ठेवतो. घर एकीकडे आणि दाराची किल्ली शेजाऱ्याकडे अशी गत. शेजारी गावाला गेला की घर शाबूत असूनही आत जाता येत नाही.

खात्री करून घ्या. स्टार्ट बटणावर उजवी क्लिक, डिस्क मॅनेजमेंट. प्रत्येक डिस्कची आडवी पट्टी दिसेल. 'ईएफआय सिस्टम पार्टिशन' हे शब्द कोणत्या पट्टीत आहेत ते पाहा.

अंधारखोली (रविवार, सकाळी १०:१२)
डिस्क ०, म्हणजे ४ टीबी. तिच्या अगदी डाव्या टोकाला १०० एमबीचा चिमुकला तुकडा आणि त्यात तेच शब्द. एनव्हीएमईच्या पट्टीत तो नाही. म्हणजे एसएसडीही चांगली, बोर्डही चांगला, डिस्कही चांगली. आणि मी सोमवारी तिन्ही घेऊन एसटीने पुण्याला निघणार होते.

दर्यासारंग (रविवार, सकाळी १०:३०)
आता दोन वाटा आहेत. एक म्हणजे एनव्हीएमईवर थोडी जागा मोकळी करून तिथे ईएफआय पार्टिशन बनवायचं आणि बीसीडीबूट ही आज्ञा चालवून सुरुवातीच्या फायली तिथे आणायच्या. वीस मिनिटांचं काम आहे, पण ते डिस्कपार्टमधून (डिस्कचे भाग पाडायच्या विंडोजच्या प्रोग्राममधून) करावं लागतं. तिथे भलत्या डिस्कचा नंबर निवडून क्लीन म्हटलं तर तो विचारत बसत नाही, पार्टिशनचा तक्ता क्षणात पुसतो.

दुसरी वाट सोपी. विंडोज दहा दिवसांचंच आहे. पीसी बंद करा, ४ टीबीची केबल काढा, ५०० जीबीची एनव्हीएमईही काढा, एकटी १ टीबी ठेवून तिच्यावर नव्याने विंडोज टाका. इन्स्टॉलरला दुसरीकडे जायला जागाच नको. मग बाकीच्या एकेक करून जोडा. ४ टीबीवरचा १०० एमबीचा तुकडा तसाच राहू द्या, तो कुणाला त्रास देत नाही.

माझा कौल दुसऱ्या वाटेला. आणि २ टीबीची जुनी डिस्क या सगळ्यात मशीनच्या जवळही आणू नका.

शेवंती (रविवार, दुपारी १२:२०)
धाग्यात मध्येच घुसते आहे, माफ करा. माझ्याकडे इंटेलचा १२व्या पिढीचा प्रोसेसर आहे. बायोसमध्ये एनव्हीएमई दिसते, पण विंडोज टाकताना ड्राइव्ह निवडायच्या पानावर यादी कोरी. हेच कारण का?

खटपट्या (रविवार, दुपारी १२:४५)
शेवंती, तुमचं दुखणं वेगळं आहे. इंटेलच्या ११व्या पिढीपासून बायोसमध्ये व्हीएमडी नावाची सोय असते. ती चालू असेल तर एनव्हीएमई तिच्या आड जाते आणि इन्स्टॉलरकडे तिचा ड्रायव्हर नसेल तर यादी रिकामी दिसते. रेड (अनेक डिस्क एकत्र जोडून वापरणं) करायचं नसेल तर व्हीएमडी बंद करा आणि मग विंडोज टाका. किंवा बोर्डाच्या वेबसाइटवरून इंटेल रॅपिड स्टोरेजचा ड्रायव्हर घ्या, पेन ड्राइव्हवर उलगडून ठेवा आणि त्याच पानावरच्या 'लोड ड्रायव्हर'मधून दाखवा. एक जपा, व्हीएमडी चालू ठेवून विंडोज टाकलं तर नंतर सहज म्हणून ती बंद करू नका, निळा पडदा येईल.

शेवंती (रविवार, दुपारी २:०५)
व्हीएमडी बंद केली, यादीत ड्राइव्ह आली. मनापासून आभार. दोन दिवस पेन ड्राइव्ह बदलत बसले होते.

अंधारखोली (रविवार, रात्री ८:४०)
एकटी १ टीबी ठेवून विंडोज टाकलं. ४ टीबी काढूनही सुरू होतं, दोनदा करून पाहिलं. मग ती साटा २ मध्ये परत लावली, ५०० जीबीही बसवली, सगळं दिसतंय.

आता २ टीबीची जुनी डिस्क जोडायला घेतली आहे. नव्या एसएमपीएसची (वीज पुरवणाऱ्या डब्याची) साटाची पॉवर केबल तिच्यापर्यंत पोचत नाही, चार बोटं कमी पडते. जुन्या पीसीच्या एसएमपीएसची सुटी केबल लांब आहे आणि नव्याच्या सॉकेटमध्ये अगदी नीट बसली. आता चालू करून कॉपीला लावते.

लॅमिंग्टनकाका (रविवार, रात्री ८:४४)
थांब! चालू करू नकोस. केलं असशील तर लगेच मागचं बटण बंद कर.

त्या केबलचं डिस्ककडचं टोक जगभर सारखं असतं, त्याला मानक आहे. एसएमपीएसकडच्या टोकाला मानक नाही. प्रत्येक कंपनी कोणत्या पिनवर १२ व्होल्ट आणि कोणत्या पिनवर ५ व्होल्ट हे आपलं आपण ठरवते, एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतही फरक असतो. सॉकेटचा आकार जुळतो म्हणून केबल बसते. मग डिस्कच्या ५ व्होल्टच्या तारेत १२ व्होल्ट गेले की तिच्या सर्किटची राख होते. माझ्यासमोर एका मुलाच्या चार डिस्क एका क्षणात गेल्या आहेत, याच कारणाने. त्याच्या चेहऱ्याकडे बघवत नव्हतं.

लिही लगेच, चालू केलंस का?

अंधारखोली (रविवार, रात्री ८:५१)
नाही केलं. पोस्ट लिहून बटणाकडे हात नेणार तेवढ्यात भावाने तुमचा मेसेज वाचून दाखवला. केबल काढली. हात थरथरताहेत, काका. दुसरी प्रत नाही या स्कॅनची.

लॅमिंग्टनकाका (रविवार, रात्री ८:५८)
पाणी पी. काही झालेलं नाही. ती जुनी केबल आत्ताच्या आत्ता जुन्या एसएमपीएसलाच बांधून ठेव, सुटी ठेवू नकोस.
डिस्कच पिंजऱ्यातून काढून केबल पोचेल तिथे ठेव. कॉपी होईपर्यंत कॅबिनेटच्या तळाला फोमच्या तुकड्यावर सपाट ठेवली तरी चालेल, फक्त चालू असताना हलवायची नाही. विस्तार केबल घ्यायचीच झाली तर पिना दाबून बसवलेली घे. प्लास्टिक ओतून बनवलेले स्वस्त जोड आतून गरम होऊन वितळतात.

दूरदेशी (रविवार, रात्री ११:३०)
इथे डॅलसमध्ये दुपार आहे, आत्ता वाचलं आणि अंगावर काटा आला. दुसरी प्रत नाही हे वाक्य फार भीतिदायक आहे. जुनी डिस्क जोडल्यावर चेकडिस्क (विंडोजचा डिस्क तपासून दुरुस्त करणारा प्रोग्राम) चालवायचा मोह होईल, विंडोज स्वतःहूनही विचारेल. नाही म्हणा. दुखऱ्या डिस्कवर चेकडिस्क आधी दुरुस्ती करायला जातं, त्यात ती आणखी दमते आणि फायलींचे दुवे तुटू शकतात. आधी माल बाहेर काढायचा, डागडुजी नंतर.

अंधारखोली (मंगळवार, रात्री ९:२०)
काल जुनी डिस्क फोमवर ठेवून जोडली. दिसली. फोल्डर उघडले. कॉपी सुरू केली, १५० एमबीच्या आसपास वेग होता, एकूण माल १.३ टीबी, सुमारे अकरा हजार टिफ फायली. बाबांचा कॅमेरा १२० फिल्मचा, एकेक चौकट स्कॅन केली की शंभर एमबीच्या वर जाते.

दहा-पंधरा मिनिटांनी वेगाची रेघ खाली शून्यावर. अर्धा मिनिट सगळं गोठतं, मग पुन्हा चालतं. आज तर तिसऱ्यांदा गोठल्यावर ४ टीबीची नवी डिस्कच यादीतून गेली. रिस्टार्ट केल्यावर आली. जुनी डिस्क दुखरी आहे हे मान्य, पण गायब नवी का होते?

खटपट्या (मंगळवार, रात्री ९:३५)
कॉपी थांबवा. क्रिस्टलडिस्कइन्फो (डिस्कची तब्येत दाखवणारा प्रोग्राम) उतरवून घ्या. दोन्ही हार्ड डिस्कच्या ०५, सी५, सी६ आणि सी७ या ओळींतली शेवटच्या रकान्यातली संख्या लिहा. आणि इव्हेंट व्ह्यूअरमध्ये विंडोज लॉग्ज, सिस्टम इथे पिवळे त्रिकोण बघा. १२९ किंवा १५३ नंबर (डिस्क अडल्याच्या नोंदी) आहेत का?

अंधारखोली (मंगळवार, रात्री १०:००)
१२९ पुष्कळ आहेत, गोठलं त्या त्या वेळेचेच. १५३ पण आहेत, चार.
नवी ४ टीबी: ०५, सी५, सी६ शून्य. सी७ मध्ये 'डी६' लिहिलंय.
जुनी २ टीबी: ०५ शून्य, सी५ मध्ये ८, सी६ शून्य, सी७ शून्य.
डी६ म्हणजे काय? निळ्या चौकोनात 'गुड' म्हणतोय दोन्हीकडे... नाही, जुनीला पिवळा आहे.

दर्यासारंग (मंगळवार, रात्री १०:२०)
डी६ ही षोडशमान, म्हणजे दहाऐवजी सोळाच्या पटीत मोजायच्या, पद्धतीतली संख्या आहे. डी म्हणजे १३, तेरा सोळे २०८, अधिक ६, म्हणजे २१४. 'फंक्शन' मेनूत 'रॉ व्हॅल्यूज' आहे, तिथे दशमान निवडलं की सरळ आकडे दिसतील.

तुमच्याकडे दोन वेगळी दुखणी एका वेळी चालू आहेत आणि ती एकमेकांत मिसळल्याने गोंधळ होतोय.

जुन्या डिस्कचं सी५ म्हणजे वाचायला अडणारे सेक्टर. आठ हा आकडा बोलका आहे. आजच्या बहुतेक डिस्कवर प्रत्यक्षातला एक सेक्टर ४०९६ बाइटचा असतो आणि तो ५१२ चे आठ म्हणून मोजला जातो. म्हणजे बहुधा एकच जागा खराब आहे. तिथे डिस्क हळू होणार.

नव्या डिस्कचं सी७ म्हणजे डिस्क आणि बोर्ड यांच्यामधल्या वाटेत बिघडलेली माहिती. तबकड्या स्वच्छ, वाट खराब. दोन आठवड्यांच्या डिस्कवर २१४ म्हणजे केबल, नाहीतर तिचं टोक. हा आकडा कधीच मागे येत नाही, म्हणून तो किती आहे यापेक्षा वाढतोय का हे पाहायचं. जुन्या डिस्कला हात न लावता एनव्हीएमईवरून चाळीस-पन्नास जीबी नव्या डिस्कवर टाका, आणि आधीचा-नंतरचा सी७ लिहा.

अंधारखोली (बुधवार, सकाळी ७:५०)
आधी २१४. चाळीस जीबी टाकल्यावर २८२. दोनदा गोठलं.

खटपट्या (बुधवार, सकाळी ८:१०)
हे फार छान मोजलंत. आता एका वेळी एकच गोष्ट बदलायची. आज केबल बदलू नका. नुसता उजवीकडचा पत्रा काढा, म्हणजे बोर्डाच्या मागचा, जिकडे डिस्कच्या केबल येतात तो. पत्रा उघडा ठेवून तीच चाचणी पुन्हा.

अंधारखोली (बुधवार, रात्री ९:०५)
पत्रा उघडा: चाळीस जीबी, सी७ २८२. पुन्हा चाळीस, २८२. एकदाही गोठलं नाही.
पत्रा लावला: दहा जीबीतच २९०.

मग टॉर्च घेऊन बघितलं. डिस्कच्या मागून केबलचं सरळ टोक बाहेर येतं आणि पत्र्यापर्यंत जेमतेम बोटभर जागा आहे. पत्रा लावला की लाल केबल टोकापाशीच काटकोनात मुडपते. मुडपलेल्या जागी पांढरी रेघ उमटली आहे, नखाने चाचपली तर खाच लागते. टोकही किंचित वर उचललं गेलंय. स्कॅन करताना निगेटिव्हला घडी पडली तर अशीच रेघ येते.

लॅमिंग्टनकाका (बुधवार, रात्री ९:२०)
ती केबल टाकून दे, जपून ठेवू नकोस. काटकोनी टोकाची, लोखंडी चाप असलेली आण. काटकोन कोणत्या बाजूला वळतो ते दुकानात डिस्कसमोर धरून बघ, काही वर वळतात, काही खाली. चुकीची घेतलीस तर ती शेजारच्या पॉवर केबलवर चढेल.

मनमौजी (बुधवार, रात्री ९:४५)
मी पहिल्याच दिवशी फॉरमॅट सांगितलं होतं, ते चुकीचं होतं. ताईंनी ऐकलं नाही हे फार बरं झालं. आज घरी जाऊन माझ्या बोर्डाचं मॅन्युअल वाचलं. माझ्याही साटा ५ ची तीच तळटीप आहे.

दूरदेशी (बुधवार, रात्री ११:१५)
केबल आली की जुन्या डिस्कचा माल रोबोकॉपीने काढा. विंडोजमध्येच असते. फक्त एक लक्षात ठेवा. फाइल वाचता आली नाही तर तिची मूळ सवय दहा लाख वेळा प्रयत्न करायची आहे, आणि दर प्रयत्नाआधी ३० सेकंद थांबायची. दुखऱ्या जागेवर ती तशीच अडून बसेल आणि डिस्क तिथेच झिजेल. म्हणून आर आणि डब्ल्यू हे दोन्ही पर्याय १ ठेवा, आणि लॉग फाइल लिहायला सांगा. न वाचलेल्या फायलींची नावं त्यात मिळतात. जे फोल्डर पुन्हा मिळणारच नाहीत ते आधी घ्या. एकाहून जास्त जागी अडलं तर थांबा आणि लिनक्सच्या पेन ड्राइव्हवरून डीडीरेस्क्यूने अख्ख्या डिस्कची प्रतिमा घ्या. ते सोप्या जागा आधी वाचतं आणि अवघड शेवटी.

कॉपी झाल्यावर नुसता फायलींचा आकडा जुळवू नका. दोन्हीकडच्या फायलींचे हॅश (फाइलच्या मजकुरावरून निघणारी खूण) काढून ताडून पाहा. सी७ वाढत असताना सोमवार-मंगळवारी जे कॉपी झालं ते पुसून पुन्हा घ्या. अशा चुका पकडून माहिती पुन्हा पाठवली जाते हे खरं, पण डिस्क अर्ध्यात गायब झाली तेव्हा हातात असलेल्या फायलीचा भरवसा धरू नये.

अंधारखोली (शनिवार, सायंकाळी ६:३०)
आधी आकडे. काटकोनी केबल सांगलीत मिळाली. पत्रा लावून शंभर जीबीची चाचणी केली, सी७ २९० वरून हललं नाही. मग काल रात्री दहाला रोबोकॉपी लावली, आजोबांच्या काळच्या काचेच्या निगेटिव्हचे स्कॅन सर्वांत आधी. पहाटे अडीचला संपली. दूरदेशी, तुमच्यामुळे वाचलं. ती दोन ठिकाणी अडली आणि एकेक प्रयत्न करून पुढे गेली. हॅश ताडायला आज दुपार गेली. दोन फायली सोडून सगळं जुळलं. जुन्या डिस्कचं सी५ आता १६ आहे, तिला काढून ठेवलं. भावाकडे एक बाहेरची डिस्क आहे, दुसरी प्रत आत्ता तिच्यावर जाते आहे, ती त्याच्या घरी कोल्हापूरला राहील.

दर्यासारंग (शनिवार, सायंकाळी ६:४५)
फार आनंद झाला. सोळा म्हणजे दोन जागा, दोन फायली, हिशोब अगदी जुळला. जुनी डिस्क एवढ्यात टाकू नका. त्या दोन फायलींसाठी डीडीरेस्क्यू अजून करता येईल.

लॅमिंग्टनकाका (शनिवार, सायंकाळी ७:१०)
कोणत्या दोन गेल्या गं?

अंधारखोली (शनिवार, सायंकाळी ७:२५)
एक कृष्णा घाटावरचा, पुराच्या पाण्यात नाव बांधलेली. दुसरी एका लग्नातली, मिरवणुकीत पेट्रोमॅक्स डोक्यावर घेतलेल्या बाईंची. बाबांनी त्या बाईंचा वेगळा फोटो काढून त्यांना फ्रेम करून दिला होता, म्हणून ती चौकट मला पाठ आहे.
दोन्हींच्या निगेटिव्ह कपाटात आहेत, बटर पेपरच्या पाकिटात, वर बाबांच्या अक्षरात नंबर. स्कॅनर उद्या सकाळी लावते.